जमीन जागेवर, सातबारा गायब!

'डेटा उडाला' हे आपल्या होस्टेलवरचं फार लाडकं वाक्य आहे. पेन ड्राइव्ह उघडला नाही, डेटा उडाला. सर्व्हर चालू झाला पण फोल्डर रिकामं दिसलं, डेटा उडाला. जर्नल वेळेवर झालं नाही, तरीही डेटाच उडाला! हा शेवटचा प्रकार आपल्या मॅडम मंडळींना चांगलाच ठाऊक आहे, त्यात मी पडत नाही. पण पहिल्या दोन प्रकारांत बहुतेक वेळा डेटा कुठेही उडालेला नसतो. तो होता तिथेच, डिस्कच्या तबकडीवर शांतपणे पडून असतो. हरवलेली असते ती कुठे काय आहे याची नोंद. या नोंदीला मेटाडेटा म्हणतात, आणि ती परत कशी मिळवायची हाच आजच्या लेखाचा विषय.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे चटकन कळेल. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, मालकाचं नाव असतं. उद्या गावच्या दप्तराला वाळवी लागली आणि सातबारा नष्ट झाला, तर जमीन गायब होते का? बांध, विहीर, आंब्याचं झाड सगळं जागेवरच असतं. फक्त हा तुकडा कुणाचा आणि कुठून कुठपर्यंत, हे कागदावर सांगता येत नाही. आणि नेमक्या अशा वेळी कुणी घाईने बांध फोडून नांगर घातला, तर मात्र कायमचं नुकसान! डिस्कचंही अगदी असंच आहे. नोंद हरवल्यामुळे जेवढा डेटा जातो, त्यापेक्षा जास्त डेटा नोंद हरवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, 'बघू जरा हे करून' या वृत्तीमुळे जातो.

आता लिनक्स सर्व्हरवर ही नोंद नेमकी कशी असते ते पाहू. अनेक सर्व्हरवर एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर वापरतात. लिनक्ससाठी तो १९९८ मध्ये हाइन्झ माउएल्सहागेन यांनी लिहिला, एचपी-यूएक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या एलव्हीएमच्या धर्तीवर. पुढे २००३ च्या डिसेंबरात कर्नल २.६ आला, त्यात डिव्हाइस मॅपर आला, आणि त्याच्या आधाराने एलव्हीएमची दुसरी आवृत्ती रुळली. कल्पना साधी आहे. दोन-चार डिस्क घ्यायच्या, प्रत्येकीला 'फिजिकल व्हॉल्यूम' म्हणायचं, सगळ्या मिळून एक सामाईक 'व्हॉल्यूम ग्रुप' करायचा. मग त्या सामाईक रानातून हवे तेवढे 'लॉजिकल व्हॉल्यूम' कापून घ्यायचे. मोजमाप गुंठ्यात नसून एक्स्टेंटमध्ये असतं. एक एक्स्टेंट म्हणजे साधारणपणे ४ एमबी. एखादा लॉजिकल व्हॉल्यूम एका डिस्कवर सुरू होऊन दुसऱ्या डिस्कवर संपू शकतो, आणि वर बसलेल्या फाइल सिस्टिमला याचा पत्ताही नसतो.

मग कुठला एक्स्टेंट कुणाचा, हे कुठे लिहिलेलं असतं? डिस्कच्या अगदी सुरुवातीला. सेक्टर मोजताना आपण शून्यापासून मोजतो (सी शिकवणाऱ्या सरांची कृपा). एकेक सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातल्या १ नंबरच्या सेक्टरवर 'लेबलवन' अशी आठ अक्षरी खूण असते आणि त्या डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे बत्तीस अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्यानंतर ४०९६ व्या बाइटपासून मेटाडेटाची जागा सुरू होते. हल्लीच्या आवृत्त्यांमध्ये पहिला १ एमबी या सगळ्यासाठी राखलेला असतो आणि खरा डेटा त्यानंतर सुरू होतो.

गंमत म्हणजे ही नोंद साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात असते. बायनरी वगैरे काही नाही! कुठल्या डिस्का आहेत, कुठला व्हॉल्यूम कितव्या एक्स्टेंटपासून किती लांब आहे, हे कंसांमध्ये नीट मांडून ठेवलेलं असतं. तुम्ही व्हॉल्यूम वाढवला, नवा केला, काढून टाकला, की पूर्ण नोंद नव्याने लिहिली जाते. ती जुन्या नोंदीवर लिहिली जात नाही, तिच्या पुढच्या जागेत लिहिली जाते. जागा संपली की पुन्हा सुरुवातीला. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असतो. म्हणजे सातबाऱ्याबरोबर फेरफारही आपोआप जपला जातो. शिवाय नेहमीच्या मांडणीत ग्रुपमधल्या प्रत्येक डिस्कवर संपूर्ण ग्रुपची नोंद असते, केवळ स्वतःपुरती नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरलोही असतो. पण आमच्या डिपार्टमेंटच्या सर्व्हर रूममध्ये मी विद्यार्थी मदतनीस होतो तेव्हा हे प्रत्यक्ष करावं लागलं. सर्व्हरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमची एक छोटी डिस्क होती आणि १ टीबीच्या दोन डिस्का मिळून एक व्हॉल्यूम ग्रुप होता. त्यावर १२०० जीबीचा एक व्हॉल्यूम, आणि त्या व्हॉल्यूमवर फायनल इयरच्या सगळ्या ग्रुपांचे प्रोजेक्ट. कोड, रिपोर्ट, सर्किटचे फोटो, सगळं. काही ग्रुपांकडे दुसरी कॉपीच नव्हती. सबमिशन आठ दिवसांवर.

सुट्टीच्या दिवशी बाहेरून आलेल्या मेंटेनन्सवाल्याने सगळी मशीन पुसली, पंखे साफ केले, आणि डिस्क 'चेक' करायची म्हणून सर्व्हरची पहिली डिस्क काढून आपल्या विंडोजच्या मशीनला लावली. आम्ही पूर्ण डिस्कच एलव्हीएमला दिलेली होती, तिच्यावर पार्टिशन टेबल नव्हतं. विंडोजला एलव्हीएम कळत नाही. पार्टिशन टेबल नसलेली डिस्क त्याच्या दृष्टीने कोरी करकरीत! त्याने विचारलं, 'डिस्क इनिशिअलाइज करू का?' आणि गृहस्थांनी ओके दाबलं. पुढे फॉरमॅटही विचारलं, तेव्हा मात्र त्यांना शंका आली आणि ते थांबले. तेवढ्यावर निभावलं. एनटीएफएसचा क्विक फॉरमॅट केला असता, तर व्हॉल्यूमच्या सुरुवातीला आणि साधारण ३ जीबी आत, जिथे एनटीएफएस आपलं फाइलींचं मुख्य टेबल ठेवतं तिथे, आमच्याच फाइलींवर नवा मजकूर लिहिला गेला असता.

सोमवारी सर्व्हर चालू झाला आणि स्क्रीनवर ओळ आली की अमुक यूयूआयडीची डिस्क सापडत नाही. व्हॉल्यूम ग्रुप अर्धवट. सिस्टिमचे सर शांत होते. बाकी कुणीच नव्हतं. एकाने सुचवलं, सापडत नाही ती डिस्क ग्रुपमधून काढून टाका. त्यासाठी कमांड आहे, 'व्हीजीरिड्यूस'. ती हरवलेल्या डिस्कची नावनिशाणी पुसते, आणि फोर्स लावून दिली तर त्या डिस्कवर बसलेले व्हॉल्यूमही काढून टाकते. म्हणजे वाळवीने एक पान खाल्लं म्हणून आपणच अख्खी वही जाळायची! दुसऱ्याने सुचवलं एफएससीके चालवा. सरांनी दोघांनाही चहाला पाठवलं.

आधी कागदावर हिशोब मांडला. इनिशिअलाइज केल्यावर विंडोजने डिस्कवर जीपीटी नावाचं पार्टिशन टेबल लिहिलं होतं. ते किती जागा घेतं? सेक्टर ० ते ३३, म्हणजे ३४ गुणिले ५१२, बरोबर १७४०८ बाइट. यात १ नंबरच्या सेक्टरवरची 'लेबलवन'ची खूण गेली, ४०९६ वरचं मेटाडेटाचं हेडर गेलं आणि सुरुवातीच्या काही जुन्या नोंदी गेल्या. पण डेटा सुरू होतो १०४८५७६ व्या बाइटपासून! तिथपर्यंत जीपीटी पोचलेलंच नव्हतं.

इतक्यावर हुरळून जायचं नाही, कारण जीपीटी आपली एक प्रत डिस्कच्या शेवटी, शेवटच्या ३३ सेक्टरांवरही लिहितं. तिथे आमचा डेटा होता का? १ टीबीची डिस्क म्हणजे १०००२०४८८६०१६ बाइट. त्यातून सुरुवातीचा १ एमबी वजा करून ४ एमबीचे तुकडे पाडले, तर २३८४६७ पूर्ण एक्स्टेंट बसतात आणि शेवटी ७२८ केबी उरतात. एलव्हीएम अर्धा एक्स्टेंट वापरत नाही, त्यामुळे ही शेपटी रिकामीच असते. जीपीटीची प्रत साडेसोळा केबीची. ती त्या रिकाम्या शेपटीत बसली होती. दोन्ही टोकांना नुसता सातबारा फाटला होता, रान शाबूत होतं. भागाकाराची बाकी एवढी आनंदाची असू शकते हे मला चौथीत कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही सरांनी मूळ डिस्कवर एक बाइटही लिहू दिला नाही. आधी दोन्ही डिस्कांची सेक्टर-टू-सेक्टर कॉपी. तेवढ्याच आकाराच्या दोन डिस्का उसन्या आणल्या. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तरी १ टीबीला पावणेतीन तास लागतात. या पावणेतीन तासांत दाराशी किमान वीस जण येऊन 'झालं का?' विचारून गेले. डिस्क रिकव्हरीतला सर्वात अवघड भाग कुठला असं कुणी विचारलं, तर मी हे पावणेतीन तास सांगेन. कमांड द्यायला दोन मिनिटं लागतात. साध्या डिस्कला 'डीडी' पुरतं, पण डिस्कवर बॅड सेक्टर असतील तर 'जीएनयू डीडीरेस्क्यू' वापरावं. ते वाचता येईल तेवढं आधी वाचून घेतं, अडलेल्या जागा नंतर पुन्हा बघतं, आणि मध्येच थांबवलं तरी कुठे होतो ते लक्षात ठेवतं.

कॉपी चालू असताना नोंदीचा शोध. एलव्हीएम प्रत्येक बदलाच्या वेळी नोंदीची एक प्रत सर्व्हरच्या ईटीसी फोल्डरातल्या एलव्हीएम या फोल्डरात ठेवतं. तिथे दोन उपफोल्डर असतात, 'बॅकअप' आणि 'अर्काइव्ह'. बॅकअपमध्ये शेवटची नोंद, अर्काइव्हमध्ये आधीच्या. ठरवून बदललं नसेल तर अर्काइव्हमधल्या निदान दहा फाइली आणि निदान तीस दिवसांच्या फाइली जपल्या जातात. आमची ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क वेगळी होती, म्हणून या फाइली सुखरूप होत्या.

इथे एक खोच आहे, आणि यात भलेभले फसतात. अर्काइव्हमधली फाइल उघडली की वर एक ओळ असते: अमुक कमांड चालवण्या*पूर्वी* ही नोंद केली. बॅकअपमधल्या फाइलीत लिहिलेलं असतं: अमुक कमांड चालवल्या*नंतर*. आमच्या अर्काइव्हमधली सर्वात ताजी फाइल व्हॉल्यूम वाढवण्यापूर्वीची होती. तिच्यात आमचा व्हॉल्यूम होता ९०० जीबीचा, म्हणजे २३०४०० एक्स्टेंट, सगळे पहिल्या डिस्कवर. नंतर त्यात ३०० जीबीची भर घातली होती. त्यातले ८०६७ एक्स्टेंट पहिल्या डिस्कवर उरले होते तिथे बसले आणि ६८७३३ दुसऱ्या डिस्कवर गेले. 'सर्वात ताजी अर्काइव्ह' म्हणून ती फाइल वापरली असती, तर १२०० जीबीची फाइल सिस्टिम ९०० जीबीच्या व्हॉल्यूममध्ये कोंबल्यासारखं झालं असतं आणि ती माउंटच झाली नसती. बरोबर फाइल होती बॅकअपमधली. पण उलटही होऊ शकतं बरं का! कुणी गडबडीत व्हीजीरिड्यूस चालवलं असतं, तर बॅकअपमध्ये ती बिघडलेली नोंद आली असती आणि बरोबर नोंद अर्काइव्हमध्ये गेली असती. म्हणून नावावर आणि तारखेवर जाऊ नका, फाइल उघडून वाचा.

खात्री कशी करायची? साक्षीदार शोधायचा. दुसऱ्या डिस्कवर संपूर्ण ग्रुपची नोंद असतेच, मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते हेच. तिचा पहिला १ एमबी डीडीने फाइलीत काढला आणि 'स्ट्रिंग्ज' या कमांडने त्यातला मजकूर वाचला. शेवटच्या नोंदीचा अनुक्रमांक १४. बॅकअप फाइलीतही १४. मग सहज म्हणून बिघडलेल्या डिस्कच्या कॉपीतही डोकावलो, तर तिथेही १७४०८ बाइटच्या पलीकडे नव्या नोंदी जशाच्या तशा! विंडोजने जुनी पानं खाल्ली होती, नवी नाहीत. तीन साक्षी जुळल्या. ईटीसी फोल्डरही गेलेलं असतं तरी काम झालं असतं, हे यावरून कळावं.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती, अर्थात कॉपीवर, आणि मूळ डिस्का काढून बाजूला ठेवून. दोन्ही एकाच वेळी जोडल्या तर एकाच यूयूआयडीच्या दोन डिस्का दिसतात आणि नवाच गोंधळ होतो. डिस्कवर पार्टिशन टेबल दिसलं की एलव्हीएम तिला हात लावत नाही, म्हणून 'वाइपएफएस' या कमांडने जीपीटीच्या खुणा काढल्या, काढताना त्यांचा बॅकअप ठेवून. मग 'पीव्हीक्रिएट'. हे नाव ऐकून पोटात गोळा येतो, कारण क्रिएट म्हणजे नवीन! पण तिला जुना यूयूआयडी आणि 'रिस्टोअरफाइल' म्हणून आपली नोंदीची फाइल दिली, की ती फक्त लेबल आणि मेटाडेटाची चौकट पुन्हा बांधते, डेटाच्या भागाला शिवत नाही. रिस्टोअरफाइल देणं हा उपचार समजू नका. एलव्हीएमच्या जुन्या आवृत्त्या डेटा १९२ केबीपासूनच सुरू करत असत. अशा जुन्या डिस्कवर नव्या आवृत्तीने आपल्या सवयीप्रमाणे १ एमबीची चौकट बांधली, तर ती डेटावरच बांधली जाईल. डेटा नेमका कुठून सुरू होतो, हे कमांडला त्या फाइलीतून कळतं.

त्यानंतर 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर' त्याच फाइलीसह. ती ग्रुपची नोंद सगळ्या डिस्कांवर लिहिते. मग ग्रुप चालू करायचा. (नव्या आवृत्त्यांत 'पीव्हीसीके' ही कमांडही नोंद काढून दाखवते आणि दुरुस्त करते. तिचं मॅन पेज एकदा जरूर वाचा.) ग्रुप चालू झाल्यावर टाळ्या वाजल्या, पण सरांनी माउंट करू दिलं नाही. आधी व्हॉल्यूमचे तुकडे कुठल्या डिस्कवर कुठून कुठे दिसतात ते फाइलीशी ताडून पाहिलं. मग एफएससीके, पण 'एन' ऑप्शनने, म्हणजे बघ आणि सांग, दुरुस्त काही करू नकोस. मग माउंट, तेही रीड-ओन्ली, आणि सोबत 'नोलोड', म्हणजे फाइल सिस्टिमचं जर्नलसुद्धा त्यावर काही लिहिणार नाही.

एवढं सोवळं कशासाठी? समजा नोंद चुकीची निघाली. व्हॉल्यूमची लांबी बरोबर, पण तुकड्यांचा क्रम चुकलेला. अशा व्हॉल्यूमवर दुरुस्तीचा एफएससीके सोडला, तर त्याला सगळीकडे भलतंच दिसतं आणि तो प्रामाणिकपणे ते 'दुरुस्त' करत सुटतो. नोंद चुकीची असेल तर ती पुन्हा बदलता येते. एफएससीकेने पुसलेले आयनोड परत येत नाहीत.

हाच प्रकार एक मजला वर, फाइल सिस्टिममध्येही आहे. ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक म्हणजे त्या फाइल सिस्टिमचा सातबारा. तो बिघडला तर त्याच्या प्रती ठराविक जागी असतात. ब्लॉक ४ केबीचा असेल तर पहिली प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर, म्हणजे १२८ एमबी आत, नंतरची ९८३०४ वर, आणि अशाच पुढे. एफएससीकेला तो ब्लॉक नंबर दिला की काम चालतं. या जागा बघण्यासाठी बरेच लोक फॉरमॅटचीच कमांड 'एन' लावून देतात. तो 'एन' विसरला की जागा दिसतात आणि डेटा जातो, असा तो उपाय आहे! एसएसडी असेल तर आणखी वाईट, कारण ईएक्सटी४ चा फॉरमॅट एसएसडीला सगळे ब्लॉक मोकळे झाल्याचं कळवूनच पुढे जातो. मग ते ब्लॉक वाचायला गेलात तर हाती काही लागेलच असं नाही. तबकडीच्या डिस्कवर जे धाडस चाललं ते एसएसडीवर करू नका.

आणि एके ठिकाणी सातबाऱ्याची उपमाच लागू पडत नाही. डिस्क लक्स पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली असेल, तर सुरुवातीच्या हेडरमध्ये पत्त्यासोबत कुलपाची किल्लीही असते, आपल्या पासवर्डने गुंडाळलेली. ते हेडर गेलं आणि त्याचा बॅकअप नसला, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही काही होत नाही. तिथे हिशोब नाही, साक्षीदार नाही. लॅपटॉप एन्क्रिप्ट करून मिरवणाऱ्या आमच्या विंगमधल्या मंडळींनी हेडरचा बॅकअप आज रात्रीच, दुसऱ्या डिस्कवर घ्यावा.

आमचा व्हॉल्यूम माउंट झाला. सगळ्या ग्रुपांची फोल्डरं जागेवर होती. लगेच त्यांची कॉपी तिसऱ्या मशीनवर घेतली, प्रत्येक ग्रुपला बोलावून आपापल्या फाइली उघडून बघायला लावल्या, आणि रात्री साडेअकराला मेस बंद झालेली असल्याने सर्वांनी सरांच्या पैशाने ऑम्लेट-पाव खाल्ला.

त्यानंतर सर्व्हरवर दोन बदल झाले. एकेक करून दोन्ही डिस्का रिकाम्या केल्या, त्यांच्यावर पार्टिशन टेबल करून एलव्हीएमच्या प्रकाराचं एकच पार्टिशन दिलं, आणि मग त्या ग्रुपमध्ये परत घेतल्या. थोडी जागा वाया जाते, पण दुसऱ्या कुठल्या मशीनला डिस्क लावली तर निदान ती कोरी वाटत नाही. दुसरं म्हणजे ईटीसीमधलं ते एलव्हीएमचं फोल्डर रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जातं, आणि व्हॉल्यूममध्ये बदल झाला की बॅकअप फाइलीची छापील प्रत सर्व्हर रूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली जाते. पहिली प्रत आम्ही साध्या फॉन्टमध्ये छापली होती. यूयूआयडीत अंक, मोठी अक्षरं, लहान अक्षरं सगळं असतं, त्यामुळे कागदावर शून्य कुठलं आणि मोठा ओ कुठला, एक कुठला आणि लहान एल कुठला, तेच कळेना. हल्ली शून्याच्या पोटात रेघ असलेला फॉन्ट वापरतो.